बल्लाळबुवांची शिंक

“...आणि एक नाकपुडी बंद, ती सुटली की दुसरी बंद, असं होत असेल तर?”

“तर कफ, गुरुजी,” नरहर म्हणाला.

“आत्ता तुझी कुठली चालू आहे?”

नरहरनं नाकाखाली बोट धरून पाहिलं. डावी मोकळी होती, उजवी अर्धवट.

“प्रहरभरानं बघ, उलट झालेलं असेल. माझंही होतं, सगळ्यांचं होतं. नाक आळीपाळीनं विसावा घेतं. तो रोग नव्हे... पुढं. एकाच बाजूनं दाट पाणी येतंय, घाण वासाचं. दुसरी बाजू स्वच्छ. रोगी चार वर्षांचा.”

हा प्रश्न नरहरला सोपा वाटला.

“दुष्ट पडसं. पाचवा प्रकार.”

“चिंचोका,” बल्लाळबुवा म्हणाले.

“काय?”

“चिंचोका. नाहीतर वाटाणा. पोरानं नाकात घातलेला.”

अंगणात औषधं कुटत बसलेली सगुणामावशी पदराआड हसली. नरहरचे कान लाल झाले.

“गुरुजी, पोथीत पाचवा प्रकारच दिलाय. दाखवतो.”

त्यानं बासनाची गाठ सोडली आणि भराभरा पानं उलटली. बोटाखाली ओळ सापडली तोच समोर बल्लाळबुवांना शिंक आली. मग दुसरी. मग एकामागून एक पाच.

बुवांनी उपरण्यानं नाक पुसलं.

“नाकाचे रोग किती म्हणालास?”

“एकतीस.”

“त्यातला माझा कितवा?”

नरहरनं पुढचं पान उलटलं...

त्या सकाळी त्याला खरं तर वेगळंच बोलायचं होतं. आठ वर्षं तो बल्लाळबुवांकडं वैद्यकी शिकत होता. त्यातली शेवटची चार वर्षं त्यानं ही पोथी स्वतःच्या हातानं उतरवून काढली होती. चारशे बारा पानं, कुठं खाडाखोड नाही. मार्गशीर्षात शेवटचं पान झालं, तेव्हा त्यानं ती उशाशी घेऊन झोप काढली होती.

आणि आता माणगुळ्याचं पत्र आलं होतं. दोन दिवसांच्या वाटेवरचं गाव. तिथले म्हातारे वैद्य वारले होते. गावानं खोली सारवून ठेवली होती, दारात तुळस लावली होती. वसंतपंचमीला नवा वैद्य बसला पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरा पाहू, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. आज पौष वद्य द्वितीया. हातात अठरा दिवस होते.

“गुरुजी,” नरहरनं धीर केला, “माणगुळ्याला जायची आज्ञा...”

बुवा पुन्हा शिंकले.

“शिंक झाली. आता विषय काढू नका,” सगुणामावशी अंगणातून म्हणाली.

बुवांनी तिच्याकडं पाहिलं, मग नरहरकडं.

“महिना झाला, मी असा शिंकतोय. कारण शोध. ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी नीघ.”

नरहरनं वाकून नमस्कार केला. मनातून तो खूश झाला होता. एका शिंकेचं कारण शोधायला अठरा दिवस कशाला लागतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी उघडून त्यानं पहिलं कारण काढलं. दही.

बुवांना दह्याची भारी आवड. जेवताना वाटीभर दही नसेल तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. नरहरनं ती वाटी उचलून बाजूला ठेवली.

बुवांनी वाटीकडं पाहिलं. भात कालवला, वरणाशी.

“वीस वर्षं दही खातायत,” सगुणामावशी म्हणाली. “तेव्हा कुठं शिंकत होते?”

“मावशी, हे शास्त्र आहे.”

“असेल बापा. मी आपली कुटणारी.”

संध्याकाळी नरहर पुढचं कारण काढायला बसला, तर बुवांना सहा शिंका आल्या.

दुसरं कारण गार पाणी. नरहर पहाटे उठून बंब पेटवू लागला. शिंका तशाच.

तिसरं कारण फुलांची धूळ. अंगणातल्या आंब्याला मोहोर आला होता. झाड काही तोडता येईना, म्हणून नरहरनं बुवांची बैठक उचलून मागच्या पडवीत नेली. तिथून मोहोर दिसतही नव्हता. नरहर पोथी घेऊन त्यांच्यासमोर बसला आणि आनंदानं म्हणाला, “आता बघा, गुरुजी.”

बुवा सात वेळा शिंकले.

चौथं कारण जनावराचे केस. घरात एक बोका होता, त्याचं नाव बाजीराव. नरहरनं त्याला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि नावेतून नदीपलीकडं सोडून आला. हातावर चार ओरखडे आले.

बाजीराव तिसऱ्या दिवशी त्याच नावेतून परत आला. नावाड्यानं त्याला मासाही दिला होता.

“कितवं कारण चाललंय?” बुवांनी विचारलं.

“चौथं संपलं, गुरुजी.”

“पोथीत किती आहेत?”

“बावीस.”

“बरं,” बुवा म्हणाले आणि पडवीतून आपली बैठक उचलून स्वतःच ओसरीवर घेऊन आले.

सप्तमीच्या दिवशी म्हादबा गाडीवान आला. नाक हातानं दाबून धरलेलं, बंडीवर रक्ताचे डाग.

“चार दिवस झाले, बुवा. रोज सकाळी घोळणा फुटतो. बायको म्हणते, डोक्यात काहीतरी फुटलंय.”

“मान मागं टाक,” नरहर पुढं होत म्हणाला. “कारण बघतो.”

त्यानं बासन सोडलं. नाकातून रक्त पडण्याची कारणं एकशे चाळिसाव्या पानापासून पुढं होती. रक्तपित्त. ऊन. डोक्याला मार. तिखट. राग...

“राग येतो का तुम्हाला?”

“बैलांचा येतो,” म्हादबा घशातून म्हणाला. मान मागं टाकल्यामुळं रक्त घशात उतरत होतं आणि त्याला ठसका लागला.

बुवा शिंकत शिंकत उठले. त्यांनी म्हादबाची मान पुढं वाकवली, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट धरला.

“तोंडानं श्वास घे. गिळू नकोस, थुंक.”

बुवा बोटं तशीच धरून उभे राहिले. बाजीराव येऊन म्हादबाच्या पायाशी बसला.

बुवांनी बोटं सोडली. रक्त थांबलं होतं. मग त्यांनी म्हादबाचा उजवा हात हातात घेतला आणि नखं बघितली.

“थंडीत रस्त्याची धूळ नाकात जाऊन सुकते. खपली धरते. खरं की नाही?”

“खरं.”

“गाडी हाकताना दुसरा काही उद्योग नसतो.”

म्हादबा जमिनीकडं बघत हसला.

“नखं काप. रात्री निजताना करंगळीनं तूप लाव आत. आठ दिवसांत थांबलं नाही, तर परत ये. मग आपण पोथी उघडू.”

म्हादबा गेला. नरहर उघड्या पोथीवर हात ठेवून बसला होता.

“नखांचं यात नाही, गुरुजी.”

“त्याच्या हाताला होती ना?” बुवा म्हणाले. आणि पुन्हा शिंकले.

अष्टमीला नरहरनं नदीवर जाऊन कपडे धुतले. मग दिवस भराभर सरले. तेरावं कारण झालं, चौदावं झालं. तोंडली बंद झाली, केळी बंद झाली. रात्री उशी बदलली. ओसरी रोज दोनदा ओल्या फडक्यानं पुसली जाऊ लागली. एक दिवस नरहरनं बुवांच्या नाकात तिळाचं तेल सोडलं, तेव्हा बुवा म्हणाले, “पापड तळायचा बाकी आहे.” शिंका कमी झाल्या नाहीत.

माघ लागला. प्रतिपदा गेली. द्वितीयेच्या पहाटे नरहर विहिरीच्या काठावर बसला होता. उद्या निघालं तरच पंचमीच्या सकाळी तो माणगुळ्यात वैद्य म्हणून बसू शकणार होता. परवा निघून उपयोग नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढं ती सारवलेली खोली येत होती. आता त्या खोलीत दुसराच कुणीतरी बसणार...

सगुणामावशी पाणी भरायला आली.

“काय झालं, नरहरपंत?”

“बावीस कारणं संपली, मावशी.”

“आणि शिंका?”

“शिंका आहेत.”

मावशीनं घागर काठावर टेकली.

“रोज कुठं आहेत? काल नव्हत्या की.”

नरहरनं मान वर केली.

“काल?”

“काल नाही, परवा नाही, तेरवा नाही. त्याच्या आधी आपली अष्टमी होती ना, तेव्हाही नाही. मी कुटत असते, मला दुसरं ऐकायला काय आहे? शिंक झाली की हात थांबवायचा असतो, म्हणून ध्यानात राहतं. त्या दिवशी हात एकदाही थांबला नाही.”

नरहर ताडकन उठला. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा. त्याच्या अंगावर काटा आला. हे बावीस कारणांत नव्हतं. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. तेविसावं कारण आपण शोधलं.

तो पळतच ओसरीवर आला.

“गुरुजी, चंद्र.”

बुवा दातवण करत होते. त्यांनी खूण केली, बोल.

“चंद्राच्या कलांवर शरीरातला कफ हलतो. अष्टमीला तो अर्धा असतो, म्हणून तोलात राहतो. चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा, या दिवसांत चंद्र जवळजवळ नसतोच, तेव्हा कफाला ओढ नसते. म्हणून त्या दिवशी शिंक नाही. इतर दिवशी ओढ असते, म्हणून शिंक आहे.”

बुवांनी चूळ भरली. सावकाश. तोंड पुसलं.

“म्हणजे माझं नाक पंचांग वाचतं.”

“तसंच म्हणायचं, गुरुजी.”

“छान. त्या चार दिवशी आभाळात काय झालं ते तू सांगितलंस... या ओसरीवर काय झालं?”

“ओसरीवर?”

“हो. इथं. तू, मी, मावशी, बोका.”

“काहीच नाही. ते सगळे अनध्यायाचे दिवस. शिकणं नाही, शिकवणं नाही. पोथी...”

नरहर थांबला.

अंगणातला खलबत्ताही थांबला.

“पोथी बासनात होती,” तो हळूच म्हणाला.

 बुवा जाऊन आपल्या जागी बसले. नरहर आपल्या जागी बसला. मध्ये चौरंगावर पोथी होती, लाल बासनात, गाठ मारलेली.

नरहर कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. सकाळचा वारा त्याच्या पाठीवरून येत होता आणि समोर बुवांच्या उपरण्याचा पदर हलवत होता. रोज असाच येत असणार. आठ वर्षांत हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

बुवा शिंकले नाहीत.

नरहरनं गाठ सोडली. बासन उलगडलं. एक पान उचललं आणि उलटलं.

पानाच्या कडेवरून बारीक, राखाडी धूळ उडाली. उन्हात ती एकदाच चमकली आणि वाऱ्यावर पलीकडं गेली.

बुवा शिंकले. एकदा, दोनदा, पाच वेळा.

नरहरनं स्वतःच्या बोटांचा वास घेऊन पाहिला.

वेखंड.

मार्गशीर्षात पोथी पुरी झाल्यावर त्याला एकच काळजी लागली होती, की कसर लागली तर? चार वर्षांची मेहनत किड्यांनी खाल्ली तर? इतर लोक पोथीशेजारी वेखंडाचा एक तुकडा ठेवतात. नरहरला तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यानं मावशीकडून शेरभर वेखंड कुटून घेतलं, वस्त्रगाळ केलं आणि चारशे बारा पानांत, पानापानाआड, चिमूट चिमूट भुरभुरवलं. सर्दीला वेखंडच हुंगायला देतात, त्यामुळं त्याचा संशय येण्याचं कारणच नव्हतं.

आणि शिंकेचं कारण शोधायला तो रोज, सकाळ-संध्याकाळ, तीच पोथी बुवांच्या तोंडासमोर झटकत होता.

“मावशी,” त्यानं ओढलेल्या आवाजात विचारलं, “तुम्ही वेखंड कुटत होता तेव्हा...”

“नाकाला पदर बांधला होता. दुहेरी,” मावशी म्हणाली. “न बांधून सांगते कुणाला? जीव जाईल शिंकून.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही पोथीला विचारत होता.”

नरहरनं मान खाली घातली. त्याला रडू येईल असं वाटत होतं, पण झालं उलटंच. आधी त्याच्या नाकातून एक आवाज निघाला, मग खांदे हलायला लागले, मग तो पोट धरून हसू लागला. मावशीनं हसून हसून डोळ्यांना पदर लावला. बाजीराव उठून दुसऱ्या खांबापाशी जाऊन बसला.

हसू ओसरल्यावर नरहरनं विचारलं, “गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग चौदा दिवस दही का सोडलंत?”

“वैद्यानं सांगितलं होतं.”

नरहरनं पोथी उचलली.

दिवसभर तो नदीकाठच्या खडकावर होता. वाऱ्याकडं पाठ करून, नाकाला दुहेरी पंचा बांधून त्यानं पान न् पान मऊ फडक्यानं झटकलं. एवढी वर्षं जे हात अक्षरं काढत होते, ते आता धूळ काढत होते. चारशे बारावं पान झटकून होईतो सूर्य डोंगराआड गेला. दुपारी धुऊन वाळवलेल्या बासनात त्यानं पोथी ठेवली आणि मधोमध वेखंडाचा एकच तुकडा ठेवला. सुपारीएवढा.

रात्री जेवताना बुवांच्या पानाशेजारी वाटीभर दही होतं. नरहरनंच वाढलं होतं.

तृतीयेला उजाडता उजाडता तो निघाला. पाठीवर वळकटी, खांद्याला झोळी, झोळीच्या तळाशी पोथी. मावशीनं वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. त्यानं मावशीला नमस्कार केला. मग बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आज्ञा, गुरुजी?”

बुवांनी मान हलवली. नरहर वळला. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, दुसरा आत होता...

मागून शिंक आली.

“अगं बाई,” मावशी म्हणाली. “नेमकी निघताना. बसा आता, नरहरपंत. घटकाभर बसा, पाणी प्या, मग बघू. उद्या निघा वाटल्यास.”

उद्या निघणं म्हणजे माणगुळं हातचं जाणं. आणि शिंकेवर पाय पुढं टाकणं म्हणजे... नरहर उंबऱ्यातच उभा राहिला. लहानपणापासून तो शिंकेला थांबत आला होता. त्याचा हात सवयीनं झोळीकडं गेला, पोथीच्या गाठीवर टेकला.

तिथंच थांबला.

मग त्यानं झोळी खांद्यावरून काढून उंबऱ्यावर ठेवली. पोथी आतच राहू दिली. तो परत आला आणि बुवांच्या समोर, अगदी जवळ, उकिडवा बसला.

त्यानं आधी वारा पाहिला. आज वारा नदीकडून होता, बुवांच्या पाठीमागून. त्यानं बुवांचे डोळे पाहिले. पाणी नव्हतं. नाकाचा शेंडा पाहिला. लाल नव्हता. रोज शिंका पाच-सहा यायच्या. आज एकच आली होती, आणि तीही आखूड.

“घशात खवखव?”

“नाही.”

“रात्री नाक वाहिलं?”

“नाही.”

“हात बघू.”

बुवांनी डावा हात पुढं केला.

“उजवा, गुरुजी.”

बुवांनी थोडा वेळ घेतला. मग उजवा हात उपरण्याखालून काढून पुढं केला. नरहरनं मूठ हळूच उघडली. मुठीत उपरण्याचं टोक होतं. वळून वळून वातीसारखं बारीक केलेलं. आणि अगदी शेंड्याशी ओलं.

मावशी बघत होती. बाजीरावही बघत होता.

नरहरनं ते टोक दोन बोटांत धरलं, उलगडलं, सरळ केलं आणि गुरुजींच्या मांडीवर नीट ठेवलं.

“हे बाविसात नाही,” तो म्हणाला.

बल्लाळबुवांनी दोन्ही पाय लांब केले. पाठ भिंतीला टेकली.

“आता नीघ.”